सभा घडवणारा दिवाण

जयसिंगपूरहून शिरोळ मागे टाकून नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागले आणि पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड येते. अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म याच गावी १८७८ साली झाला. कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव होते. तिथला एक जैन मुलगा शिकून कोल्हापूर संस्थानचा दिवाण होईल आणि पुढे मुंबई प्रांताचा अर्थमंत्री होईल, असे त्या काळी कुणी म्हटले असते तर गावाने ते हसण्यावारी नेले असते. दक्षिण भारत जैन सभेचा इतिहास लिहायचा तर प्रथेप्रमाणे अध्यक्षांच्या यादीने, अधिवेशनांच्या गावांनी आणि देणगीदारांच्या नावांनी सुरुवात करता येईल. ती सगळी माहिती या स्मरणिकेत इतरत्र आहेच. या लेखात मात्र सभेची पहिली पन्नास वर्षे अण्णासाहेबांच्या आयुष्यातून सांगायची आहेत. सभेला कारभाराची जी शिस्त लागली, तिचे मूळ या माणसात आहे, अशी आमची खात्री आहे.

सभेची स्थापना १८९९ साली स्तवनिधीला झाली. निपाणीजवळ, तवंदी घाटाच्या बाजूला असलेले हे क्षेत्र. यात्रेला कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांतले जैन शेतकरी आणि व्यापारी बैलगाड्या जुंपून येत. समाज एकत्र येण्याची जागा म्हणजे यात्रा, म्हणून सभेचा जन्मही तिथेच व्हावा हे साहजिक होते. नाव ठेवले दक्षिण महाराष्ट्र जैन सभा. स्थापना करणाऱ्यांत लठ्ठे होते आणि त्यांचे वय जेमतेम वीस-एकवीस होते. ज्या वयात आजची मुले पदवीची परीक्षा देत असतात, त्या वयात हा तरुण चार जिल्ह्यांत आणि आठ-दहा संस्थानांत विखुरलेल्या समाजाची संघटना बांधायला निघाला होता.

हा विखुरलेपणा आज नकाशावर दिसत नाही, म्हणून तो थोडा उलगडून सांगायला हवा. जयसिंगपूरच्या आसपासचेच उदाहरण घेऊ. उदगाव, नांदणी, शिरोळ हा मुलूख कोल्हापूर संस्थानचा. कृष्णा ओलांडली की सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. कुरुंदवाड वेगळे, आणि त्यातही थोरली पाती, धाकटी पाती. पलीकडे बेळगाव हा इंग्रजांचा खालसा जिल्हा, खाली जमखंडीचे संस्थान. प्रत्येकाचे कायदे वेगळे, शाळाखाते वेगळे, अर्ज कुणाकडे करायचा तेही वेगळे. भाषा म्हणाल तर घरात कन्नड आणि बाजारात मराठी, किंवा त्याच्या उलट. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी जैन घरांत आजही आजी कन्नडमध्ये हाक मारते आणि नातू मराठीत ओ देतो. एवढ्या सरहद्दी ओलांडून समाजासाठी काम करायचे तर भावनेचे भाषण पुरत नाही. कागद लागतो, हिशेब लागतो, ठराव लागतो, ठरावाची अंमलबजावणी झाली का हे विचारणारा माणूस लागतो. अण्णासाहेब असे विचारणारे होते.

त्यांचे शिक्षण कोल्हापूर आणि पुण्यात झाले. एम.ए. आणि एल्एल.बी. या दोन्ही पदव्या त्यांनी मिळवल्या. दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन समाजात त्या काळी अशा पदवीधरांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. १९०५ साली त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची किंवा हिंदू धर्माची शाखा आहे असे तोवर पाश्चात्त्य पंडितांपैकी अनेकजण सांगत होते. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांच्या संशोधनाने ते मत मागे पडू लागले होते. अशा वेळी या मातीतल्या एका तरुणाने आपला धर्म इंग्रजीत, पद्धतशीरपणे मांडला, ही गोष्ट फार मोलाची आहे. पुढे राजाराम कॉलेजात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि त्यानंतर संस्थानच्या शिक्षणखात्यात अधिकारी. त्यांच्या सरकारी कारकिर्दीची सुरुवात इथून होते.

आता बोर्डिंगकडे येऊ, कारण सभेचे खरे काम तिथे उभे राहिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते राजर्षी शाहू महाराजांमुळे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग. पुढे मुसलमान, लिंगायत, नामदेव, दैवज्ञ अशा एकेका समाजाची बोर्डिंगे निघत गेली. महाराजांची दृष्टी साफ होती. सरकारी शाळा कोल्हापुरात होती, पण खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात राहायला जागा आणि पोटाला अन्न नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही बंदच. जैन मुलाच्या बाबतीत अडचण आणखी एक. पाणी गाळूनच प्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे, कंदमुळे वर्ज्य. दानोळीच्या किंवा नांदणीच्या आईबापांना पोरगा शहरातल्या खानावळीत जेवेल ही कल्पनाच सोसत नसे. बोर्डिंगने ती काळजी मिटवली. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांचा आधार या कामाला मिळाला, आणि बोर्डिंगे कोल्हापूरपुरती न राहता सांगली, बेळगाव, हुबळी अशी पसरली.

बोर्डिंगचा हा उपक्रम वरवर साधा दिसतो, पण आमच्या मते सभेच्या सगळ्या इतिहासात याहून मोठे काम दुसरे नाही. अधिवेशनात केलेले ठराव काळाच्या ओघात विसरले गेले. हुंडा, बालविवाह, लग्नातली उधळपट्टी यांवर सभेने वर्षानुवर्षे ठराव केले, त्यांतले काही पाळले गेले, बरेच कागदावर राहिले. बोर्डिंगमधून बाहेर पडलेला मुलगा मात्र गावी परत गेला तरी पूर्वीचा राहिला नाही. कुणी वकील झाला, कुणी शिक्षक, कुणी शेतीच राखून गावच्या सोसायटीचे हिशेब बघू लागला. कृष्णाकाठच्या सहकारी चळवळीत ज्यांनी पहिल्या पिढीत हिशेबाच्या वह्या उघडल्या, त्यांच्यातले कितीतरी जण असल्या बोर्डिंगच्या लांब ओळीतल्या पाटावर बसून जेवलेले होते.

इथे एक प्रसंग आला, ज्याचा उल्लेख संस्थेच्या गौरवग्रंथांत सहसा टाळला जातो. तो टाळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा कुंभोजचा एक उंचपुरा मुलगा त्या उद्घाटनाला गेला. परत आल्यावर आंघोळ करूनच भोजनशाळेत यायचे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला गेलो म्हणून शुद्ध व्हायचे, हे त्याला मान्य नव्हते. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचा कारभार त्या वेळी लठ्ठे पाहत होते, आणि तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर.

नियम बोर्डिंगचा होता, समाजाचा होता, आणि तो मोडला तर खेड्यापाड्यांतले पालक मुले परत नेतील ही भीती खरी होती. कारभारी माणसाने नियमाची बाजू घेतली. आज मागे वळून पाहताना न्याय त्या मुलाच्या बाजूला होता यात शंका नाही, आणि सभेने हे खुल्या मनाने नोंदवले पाहिजे. अण्णासाहेबांचा मोठेपणा या प्रसंगाने कमी होत नाही. उलट त्यांच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ या प्रसंगाशिवाय लागतच नाही. कारण सहा वर्षांनी काळाने या दोघांना पुन्हा समोरासमोर आणले, आणि तेही अशा तऱ्हेने की वाचणारा थक्क होतो.

१९१४ साली कोल्हापुरात बादशहा सातव्या एडवर्डच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. इंग्रजी अमलात हा मोठा गुन्हा. संस्थानावर रेसिडेन्सीचे डोळे रोखलेले. जैन बोर्डिंगच्या कारभारावरून समाजात आधीच तट पडले होते, आणि त्या तटांतून संशयाचा रोख लठ्ठ्यांकडे वळवला गेला. त्यांच्याविरुद्ध साक्ष हवी होती. साक्षीसाठी ज्याला धरले, तो भाऊराव पाटील. बोर्डिंगमधून लठ्ठ्यांनीच ज्याला बाहेर काढले होते तो. सूड उगवायची याहून सोपी संधी कुणाला मिळते? खोटे बोलायचे नाही एवढेच भाऊराव म्हणाले आणि त्यावर ठाम राहिले. कोठडी झाली, मारहाण झाली, छळ इतका झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण साक्ष दिली नाही. ज्या माणसाने आपल्याला ताटावरून उठवले त्याच्याविरुद्ध खोटा शब्द काढायचा नाही, या एका निश्चयासाठी त्यांनी सगळे सोसले. आमच्या समाजाच्या इतिहासात याच्या तोडीची दुसरी घटना आम्हाला आढळत नाही.

लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला गेले. संस्थानची नोकरी संपली. वकिली सुरू केली. छत्तिसाव्या वर्षी सरकारी कारकीर्द मोडलेली आणि गाव सुटलेले. दुसरा कुणी असता तर कडवट झाला असता. संस्थानिकांविरुद्ध लेख लिहायचे तर बेळगाव ही सोयीची जागा होती, कारण तो इंग्रजी मुलूख. पण अण्णासाहेबांनी सभेचे काम सोडले नाही, ब्राह्मणेतर चळवळीचे काम सोडले नाही, ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी पत्रातून शेतकरी आणि मागासलेल्या समाजाची बाजू मांडली. १९१९ च्या सुधारणांनंतर नवी केंद्रीय कायदेमंडळाची सभा आली. तिच्यात दक्षिण विभागातून निवडून ते दिल्लीला गेले. ही वर्षे आपण थोडक्यात आवरू. त्यांचे खरे महत्त्व त्यानंतरच्या एका पुस्तकात आहे.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईत वारले. दोनच वर्षांनी, १९२४ साली, महाराजांचे दोन खंडांतले इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. लेखक अण्णा बाबाजी लठ्ठे. ज्यांच्या राज्यातून त्यांना संशयाच्या छायेत निघून जावे लागले होते, त्या राजाचे पहिले मोठे चरित्र त्यांनी लिहिले. महाराजांची पत्रे, संस्थानची कागदपत्रे, वेदोक्ताचा वाद, २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, हे सगळे त्यांनी क्रमवार आणि पुराव्यानिशी मांडले. पुढच्या चरित्रकारांना या ग्रंथाकडे यावेच लागले. आम्हाला या ग्रंथात सर्वांत जास्त भावते ती लेखकाची न्यायबुद्धी. स्वतःवर आलेले बालंट आणि महाराजांचे कार्य यांची त्यांनी गल्लत केली नाही. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला हे जमू शकते, कारण कागदात काय आहे आणि मनात काय आहे हे वेगळे ठेवण्याची सवय त्याला लागलेली असते.

भाऊरावांनीही हेच केले, स्वतःच्या रीतीने. १९२४ साली त्यांनी साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला नाव मिळाले श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. डांबराच्या त्या एका प्रकरणात पोळलेल्या दोघांनी, तीन वर्षांच्या अंतराने, त्याच राजाच्या नावाने आपले मोठे काम उभे केले. शिवाय त्या साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान एकाच पंगतीला बसले. १९०८ च्या प्रश्नाला कर्मवीरांनी दिलेले ते उत्तर होते. मधल्या काळात, मार्च १९२० मध्ये, आपल्याजवळच्या माणगावात शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. हा सगळा बदल जयसिंगपूरच्या अवतीभवतीच्या मुलखात घडत होता.

चरित्र प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच काळात, शाहू महाराजांच्या गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनी लठ्ठ्यांना परत बोलावले, आणि तेही थेट दिवाण म्हणून. सर रघुनाथराव सबनीस यांनी १८९८ पासून पाव शतकाहून जास्त काळ ती जागा सांभाळली होती. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतले सगळे खळबळीचे प्रसंग सबनीसांच्या हाताखालून गेले होते. अशा माणसाच्या खुर्चीवर बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

दिवाण म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. आजच्या भाषेत मुख्य सचिव आणि मुख्यमंत्री यांचे काम एकाच माणसाकडे. अंदाजपत्रक तो मांडतो, नेमणुका तो सुचवतो, महाराजांचा हुकूम त्याच्या दप्तरातून निघतो. वर रेसिडेंट बसलेला, त्याला प्रत्येक गोष्टीचा जाब द्यायचा. खाली विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल अशा जहागिरी, ज्यांचे मानपान राजाइतकेच नाजूक. शेतसारा, दुष्काळ, पूर, शाळा, दवाखाने, रस्ते, राधानगरीच्या अर्धवट धरणाची चिंता. विशीत असताना सभेचे ठराव लिहिणारा हात आता संस्थानचे हुकूम लिहीत होता. दोन्ही ठिकाणी काम एकच: सगळ्यांचे ऐकायचे, कागदावर आणायचे, आणि जे ठरले ते झाले का हे पुन्हा पुन्हा विचारायचे. कारकिर्दीत त्यांना दिवाणबहादूर हा किताब मिळाला आणि लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

जयसिंगपूरच्या दृष्टीने या काळाला वेगळा अर्थ आहे. आपले गाव राजर्षींनी आपले जनक वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावाने वसवले. जयसिंगराव कागलचे अधिपती तर होतेच, शिवाय ते कोल्हापूर संस्थानचे रीजंटही होते. चौथ्या शिवाजी महाराजांच्या आजारपणाच्या काळात कारभार त्यांनी पाहिला. म्हणजे या पेठेला नाव लाभले तेही राज्य चालवणाऱ्या एका कारभाऱ्याचे. गावाची आखणी पाहिली तरी कारभाऱ्याचा हात दिसतो. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांना देवांची किंवा पुढाऱ्यांची नावे न देता क्रमांक. आजही आपण पत्ता सांगतो तो गल्ली नंबरानेच. १८९१ साली कोल्हापूर ते मिरज लोहमार्ग सुरू झाला, त्यावरचे शिरोळ रोड स्टेशन इथलेच. रेल्वे, कृष्णेचा सुपीक काठ आणि संस्थानच्या अगदी सीमेवरची जागा, या तिन्हींमुळे शेंग, गूळ, तंबाखू यांचा व्यापार इथे जमला. सांगली-मिरजेचा माल कोल्हापूर संस्थानात खेचून आणायचा तर पेठ सीमेवरच हवी, हा हिशेब उघड आहे. पेठेत दुकान मांडणाऱ्यांत जैन व्यापारी होते आणि माल आणणाऱ्यांत जैन शेतकरी. सभेला या गावात मुळे सापडली ती त्यामुळे. नांदणीचा मठ हाकेच्या अंतरावर, गावोगावी बस्ती, आणि मध्यभागी ही पेठ, जिथे आठवड्याला तालुका गोळा होतो. अधिवेशनाचा निरोप द्यायला याहून चांगली जागा कुठली?

दिवाणगिरीनंतर अण्णासाहेब पुन्हा ब्रिटिश मुलखातल्या राजकारणात उतरले, आणि आता काँग्रेसमध्ये. १९३७ च्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातून ते मुंबई विधानसभेवर गेले आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. त्या मंत्रिमंडळात कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर अशी माणसे होती. दिवाणबहादूर किताबाचा माणूस खादीधाऱ्यांच्या मंत्रिमंडळात, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असणार. आम्हाला वाटत नाही. ज्याला जमाखर्च समजतो त्याची गरज प्रत्येक राज्याला असते.

आणि त्या मंत्रिमंडळाला तशा माणसाची गरज फार होती. काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिले होते. दारूवरचा अबकारी कर हा प्रांताच्या उत्पन्नातला मोठा वाटा. बंदी करायची म्हणजे ते उत्पन्न सोडायचे, आणि शाळा-दवाखान्यांचा खर्च तर कमी होणार नाही. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. तूट भरून काढण्यासाठी लठ्ठ्यांनी शहरी स्थावर मालमत्तेवर, इमारतीच्या वार्षिक भाडेमूल्यावर, दहा टक्के कर बसवला. मुंबई आणि अहमदाबादचे घरमालक खवळले. सभा झाल्या, निषेध झाले, प्रकरण कोर्टात गेले. प्रांताला असा कर बसवायचा अधिकारच नाही असे वादींचे म्हणणे. सर बैरामजी जीजीभाई यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने कर कायदेशीर ठरवला. प्रांतांच्या करविषयक अधिकारांची चर्चा निघाली की त्या निकालाचा दाखला पुढे दिला जात राहिला. गरिबाच्या घामाचा पैसा दारूच्या दुकानातून सरकारी तिजोरीत येतो तो नको, त्याऐवजी शहरात इमारती बांधणाऱ्याने थोडे द्यावे, हा त्यातला विचार. बोर्डिंगच्या सरबराईसाठी श्रीमंतांकडे झोळी घेऊन जाणारे आणि त्यातून गरीब शेतकऱ्याच्या मुलाला शिकवणारे अण्णासाहेब इथे आम्हाला ओळखू येतात. तिजोरी मोठी झाली, पण हिशेब करायची पद्धत तीच राहिली. महायुद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि त्यांची मंत्रिपदाची कारकीर्द तिथे संपली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानचा माजी दिवाण आणि प्रांताचा माजी अर्थमंत्री, अशा दोन्ही नात्यांनी तो दिवस पाहायला अण्णासाहेब हयात होते. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, ते गेले. सांगलीत त्यांच्या नावाने लठ्ठे एज्युकेशन सोसायटी उभी आहे आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतून हजारो मुले-मुली शिकली आहेत. त्यांच्यातल्या किती जणांना हे नाव कुणाचे हे ठाऊक असेल, कोण जाणे. म्हणून हा लेख लिहिला.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. स्तवनिधी, निपाणी, बेळगाव, हुबळी म्हैसूर राज्यात गेले, आणि कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर इकडे राहिले. सभेचे जन्मस्थान एका राज्यात आणि तिचा मोठा कारभार दुसऱ्या राज्यात. संस्थानांच्या सरहद्दी पुसल्या गेल्या आणि भाषेची एक नवी सरहद्द आली. सभेने नावातला दक्षिण महाराष्ट्र बदलून दक्षिण भारत केला आणि दोन्हीकडची माणसे जोडून ठेवली. मुखपत्र ‘प्रगति आणि जिनविजय’ दोन्हीकडच्या घरांत पोहोचत राहिले. १८९९ मध्ये नऊ-दहा राजवटींत विखुरलेला समाज बांधण्याची जी पद्धत अण्णासाहेबांच्या पिढीने घालून दिली, ती दोन राज्यांसाठी पुरेशी ठरली.

या स्मरणिकेचे काम करताना एक गोष्ट तीव्रतेने जाणवली. सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांचे छापील अहवाल, बोर्डिंगच्या प्रवेशाच्या वह्या, मुखपत्राचे जुने अंक यांची एकत्र, नीट लावलेली मांडणी अजून व्हायची आहे. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे आजोबा बोर्डिंगमध्ये शिकले आणि त्यांचे कागद माळ्यावरच्या पेटीत आहेत. कुणाकडे बोर्डिंगचा दाखला असेल, कुणाकडे अधिवेशनाची पत्रिका, कुणाकडे अण्णासाहेबांच्या सहीचे पत्र. ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका. मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा, पण स्मरणिका समितीला छायाप्रत द्या, आणि सोबत आजोबांचे नाव, गाव आणि बोर्डिंगमध्ये राहिल्याची वर्षे लिहून द्या. कुंभोज, दानोळी, नांदणी, उदगाव, अब्दुललाट, कुरुंदवाड या गावांपासून सुरुवात करायचे समितीने ठरवले आहे, आणि पावसाळा संपला की कार्यकर्ते घरोघरी येतील.